दारी आंबा लावताना

आंब्याचा हंगाम आता सरत आला. शेवटच्या आढीतले आंबे संपले, मोरांबा बरणीत गेला, लोणच्याच्या फोडींना हळद-मीठ लागलं आणि वाळत टाकलेल्या कोयी अंगणात मुलांच्या पायांत येऊ लागल्या. मृगाचा पाऊस दोन-चार दिवसांवर आला, की दर वर्षी ह्याच सुमारास आपल्या सदराकडे एक ठरावीक प्रश्न येतो. "घरासमोर थोडी जागा आहे. आंब्याचं एखादं झाड लावावं म्हणते. कोणतं लावू?" आणि बहुतेकींनी उत्तरही स्वतःच लिहिलेलं असतं, "हापूसच लावावा असा विचार आहे."

हापूस कुणाला नको असतो? पण हापूसच का, असं विचारलं तर आपल्याकडे एकच उत्तर, तो हापूस आहे म्हणून! आज मी ह्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबून देणार आहे. कारण ह्या हापूसच्या हौसेपायी आमच्या घरची नऊ वर्षं गेली आणि त्यातली मुख्य चूक माझीच होती. तुमच्या हातून ती होऊ नये, म्हणून आधी तीच सांगते.

आमचं घर कराडला. तीन गुंठ्यांचा प्लॉट, मध्ये घर, पुढे बऱ्यापैकी अंगण आणि मागे बारा-तेरा फूट रुंदीचं परसू. सासूबाईंचं माहेर राजापूर तालुक्यातलं. लग्न होऊन घाटावर आल्याला इतकी वर्षं झाली, तरी एप्रिल उजाडला की त्यांचं लक्ष माहेरच्या पेटीकडे. २०१२ साली आम्ही हे घर बांधलं, तेव्हा त्यांच्या भावाने हौसेने हापूसची दोन कलमं पाठवली. एक प्रवासातच गेलं. दुसरं मी पुढच्या अंगणात लावलं. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. सकाळी शाळेत जाण्याआधी कलमाला बादलीभर पाणी घालायचं, हा माझा नेमच होऊन गेला.

२०१३च्या मे महिन्यात नात्यातल्या लग्नासाठी आम्ही सगळेच बारा दिवस बाहेरगावी गेलो. परत येऊन पाहते तो काय, कलम वाळून त्याची काडी झालेली! मला रडूच कोसळलं. तरी पाणी घालत राहिले. पाऊस पडला आणि एक दिवस बुंध्याशी तांबूस, कोवळी पालवी दिसली. मी घरातल्या सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. वरची वाळकी काडी कापून टाकली, झाड वाचलं म्हणून देवापुढे दिवा लावला. आणि ते वाढलंही असं, की चार वर्षांत गच्चीच्या कठड्याला लागलं. मोहोर मात्र येईना. "हापूस आहे, वेळ लागायचाच," अशी सगळ्यांची समजूत मीच घालायची.

२०२१ साली पहिल्यांदा मोहोर आला. मेअखेरीस आंबे उतरवले, गवतात आढी घातली आणि आठ दिवसांनी पहिला आंबा सासूबाईंच्या हातात दिला. लहानसं फळ, कोय भलीमोठी, गर कमी, रेषाच रेषा आणि चवीला आंबट. चक्क रायवळ! माझा संताप अनावर झाला. ज्या रोपवाटिकेतून कलमं आली होती, तिला खरमरीत पत्र लिहायला घेतलं. तेवढ्यात ह्यांच्या ओळखीचे एक निवृत्त कृषी अधिकारी घरी आले. त्यांनी बुंध्याजवळची माती उकरली आणि सालीतली एक जुनी, भरून आलेली खूण मला दाखवली.

"वहिनी, कलमाचा जोड इथे होता. हापूसची काडी ह्याच्यावर. ती त्या उन्हाळ्यात वाळली. तुम्ही वाढवलात तो खालचा खुंट."

म्हणजे नऊ वर्षं मी खुंटाला पाणी घालत होते! रोपवाटिकेची बिचारीची काहीच चूक नव्हती. पत्र फाडून टाकलं. मी खाली मान घालून बसले होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पान चुरगळून वास घेतला. हापूसचा वास नव्हता त्याला."

जन्म आंब्याखाली गेलेल्या माणसाला पानाच्या वासावरून जात ओळखता येते, हे मला तेव्हा कळलं. "मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तू साखर वाटत होतीस गो. काय बोलणार?"

दोन दिवस मी गप्पच होते. आंब्याचं तेवढं दुःख नव्हतं. शाळेत मी मुलांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईने दाखवते. पण घरात माझी चूक मला दाखवायला कुणाचा जीव धजत नाही, असं का व्हावं? ते मनाला लागून राहिलं. तिसऱ्या दिवशी मीच विषय काढला. म्हटलं, "मागे परसात दुसरं झाड लावू या. ह्या खेपेला तुम्ही सांगा, कोणतं लावू?" मला वाटलं, हापूसच म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "हापूस नको आता. मला चौऱ्याहत्तर झाली. जो लवकर फळेल तो लाव."

मैत्रिणींनो, आंब्याची जात कशी निवडावी ह्याचा सगळा धडा मला त्या एका वाक्यात मिळाला. आंब्याचं नाव नंतर. आधी आपलं घर पाहायचं.

आधी घर पाहा

जात ठरवण्यापूर्वी तीन गोष्टींचा विचार करा.

पहिली गोष्ट जागा. हापूस, पायरी, राजापुरी आणि रायवळ ही मोठी होणारी झाडं. बागेत हापूसची कलमं दहा-दहा मीटरवर, म्हणजे सुमारे तेहतीस फुटांवर लावायची पद्धत आहे. ह्यावरून त्याचा घेर किती होतो ते लक्षात घ्या. असं झाड लावायचं तर घराच्या भिंतीपासून आणि कुंपणापासून पंधरा-वीस फूट तरी मोकळी जागा हवी. शोषखड्डा, सांडपाण्याची नळी आणि विजेच्या तारा ह्यांपासूनही ते दूर असावं. नाहीतर झाड आपलं, पाचोळा शेजारणीच्या गच्चीत आणि आंबेही तिच्याच अंगणात, असा प्रकार होतो. मग बोलाचाली बंद व्हायला वेळ लागत नाही!

दुसरी गोष्ट वर्षं. कोय पेरून वाढवलेलं झाड फळायला सात-आठ वर्षं, कधी त्याहूनही अधिक घेतं. शिवाय कोय हापूसची पेरली म्हणून हापूसच येईल असं नाही. चांगलं कलम तिसऱ्या ते पाचव्या वर्षी फळ देतं. पण काही जाती दर वर्षी फळतात, तर काही वर्षाआड. हापूसचा स्वभाव वर्षाआड फळण्याचा आहे.

तिसरी गोष्ट उपयोग. तुमच्या घरात रस जास्त होतो, की फोडी कापून खाल्ल्या जातात? की खरी गरज लोणच्याला आणि पन्ह्याला कैऱ्या लागतात तेवढीच आहे? प्रामाणिकपणे उत्तर द्या. बाजारातून हापूसच्या दोन पेट्या आणता येतात. पण झाडावरून तोडून त्याच दुपारी फोडी केलेली कैरी बाजारात मिळत नाही.

कोणती जात कशासाठी

आता एकेक जात पाहू. आधी हापूसच घेऊ, म्हणजे मन मोकळं होईल.

हापूसची चव आणि वास ह्यांबद्दल मी काय सांगावं! पण तो वास निम्मा झाडाचा आणि निम्मा जागेचा असतो. कोकणातली जांभ्या दगडाची, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि समुद्रावरची हवा त्याला मानवते. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या पाच जिल्ह्यांच्या आंब्याला. घाटावर हापूस येत नाही असं नव्हे, पण तीच गोडी येईल अशी आशा धरू नये. शिवाय त्याच्या गरात साका होतो, तो कापल्याशिवाय कळत नाही. आणि हापूसला स्वतःच्याच परागावर फळधारणा कमी होते, म्हणून कोकणातही बागेत मधूनमधून दुसऱ्या जातीची झाडं लावायला सांगतात. तुमच्या एकुलत्या एका झाडाजवळ दुसरा आंबाच नसेल, तर मोहोर भरपूर आणि फळं मोजकी असं होऊ शकतं. तुम्ही कोकणातल्या असाल आणि जागा ऐसपैस असेल, तर हापूस जरूर लावा. इतर भगिनींनी पुढचं वाचावं.

रत्ना ही हापूसचीच लेक म्हणा ना! नीलम आणि हापूस ह्यांच्या संकरातून ती कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झाली आणि १९८१ साली प्रसारित झाली. नीलमकडून तिने दर वर्षी फळण्याचा गुण घेतला आणि हापूसकडून रूप-चव. तिच्यात साका होत नाही आणि रेषाही नसतात. अंगण मध्यम असेल आणि घरातली मंडळी हापूसवर अडून बसली असतील, तर रत्ना लावून तंटा मिटवावा. हिच्यापासूनच पुढे रत्ना आणि हापूस असा संकर करून १९९२ साली सिंधू ही जात आली. तिची कोय इतकी पातळ की फळ जवळजवळ सगळं गराचंच.

केसर मूळ सौराष्ट्रातला, गिरनारच्या परिसरातला. त्याच्या गराचा केशरी रंग पाहून जुनागढच्या नवाबांनी हे नाव दिलं असं सांगतात. आपल्याकडे देशावर आणि मराठवाड्यात तो चांगला रुळला आहे. कोरड्या हवेत गोडी धरतो, रसाला उत्तम आणि छाटणीही सोसतो. फळं उतरवल्यावर दर वर्षी हलकी छाटणी केली, तर झाड आवाक्यात राहतं. देशावरच्या भगिनींनी एकच झाड लावायचं ठरवलं, तर मी आधी केसरचं नाव घेईन.

आम्रपाली आणि मल्लिका ह्या दोघी बहिणी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, पुसाला, १९७०च्या दशकात तयार झालेल्या. आईबाप तेच, दशहरी आणि नीलम. मल्लिकेचं फळ मोठं, पण ते उतरवल्यावर पुरतं पिकू द्यावं लागतं. घाईने कापलं तर चवच लागत नाही. आम्रपालीचं झाड मात्र बुटकं. बागेत ही झाडं अवघ्या अडीच मीटरवर लावतात, म्हणजे हापूसच्या एका झाडाच्या जागेत आम्रपालीची सोळा बसतील! फळ लहान, घोसाने लागणारं, गर गडद नारिंगी आणि बिनरेषांचा. फळते लवकर आणि दर वर्षी. छोट्या परसासाठी ह्याहून सोयीची जात नाही. ज्यांना जमीनच नाही, त्यांनी गच्चीवर मोठं पिंप अर्धं कापून, तळाला भोकं पाडून त्यात ती लावून पाहावी. पेटीभर आंबे निघणार नाहीत, पण नातवंडांना झाडाला लागलेला आंबा दाखवता येईल. तिचा दोष एकच. ती उशिरा पिकते. आपल्याकडे तोवर पाऊस सुरू होतो आणि फळमाशी येते. त्यावरचा उपाय पुढे सांगते.

तोतापुरी दर वर्षी भरपूर फळतो. पिकल्यावर त्याला फार कौतुक नाही, पण त्याची कैरी मुलांना तिखट-मीठ लावून द्या, शाळेतून आल्यावर खाऊ मागणार नाहीत. लोणच्यासाठीच झाड हवं असेल, तर राजापुरी आहेच, पण ते झाड मोठं होतं. लोणच्यासाठीच निवडलेली कोकण रुची ही जातही वेंगुर्ल्याची.

आणखी दोन नावं आजकाल कानांवर येतात. एक 'सदाबहार'. राजस्थानातल्या कोट्याजवळच्या एका शेतकऱ्याने निवडलेली, बुटकी आणि वर्षातून अनेकदा फळणारी. हौसेला ठीक आहे. दुसरं नाव जपानी मियाझाकी. ह्या लाल आंब्याला लाखांचा भाव मिळतो असं ऐकून काही भगिनींनी एकेका रोपाला हजारो रुपये मोजल्याचं कळवलं आहे. अहो, तो आंबा म्हणजे मूळ अमेरिकेतल्या फ्लोरिडाची आयर्विन नावाची जात. जपानात ती काचघरासारख्या बंदिस्त जागेत, एकेक फळ जाळीत टांगून वाढवतात आणि त्यातली निवडक फळं लिलावात जातात. भाव आहे तो त्या मेहनतीचा आणि निवडीचा. नुसत्या रोपाबरोबर तो आपल्या अंगणात येत नाही!

कलम पारखून घ्या

जात ठरली, की कलम चांगल्या ठिकाणाहून आणा. दापोली, राहुरी, परभणी आणि अकोला इथल्या कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिका आहेत, शासनमान्य खासगी रोपवाटिकाही आहेत. रस्त्याकडेला टेम्पोतून विकायला आलेली रोपं स्वस्त म्हणून घेऊ नका. पावती जपून ठेवा, तीवर जातीचं नाव लिहून घ्या.

कलम हातात घेतल्यावर आधी जोड पाहा. आंब्याच्या कलमात खाली कोयीपासून वाढवलेलं रोप असतं, तो खुंट. त्यावर हव्या त्या जातीची काडी बसवलेली असते. दोन्हींची साल जिथे मिळते, तिथे थोडी गाठ किंवा तिरकी रेघ दिसते. तो जोड भक्कम भरलेला असावा. हलवून पाहिला तर डुगडुगू नये. प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहिली असेल, तर जोड पक्का झाल्यावर ती काढून टाका, नाहीतर ती खोडात रुतते. फार उंच, सडपातळ कलमापेक्षा दीड-दोन फुटांचं, जाड बुंध्याचं आणि निरोगी पानांचं कलम चांगलं.

आणि आता माझ्या नऊ वर्षांचं सार एका वाक्यात. जोडाच्या खालून जे जे फुटेल, ते ते लगेच खुडून टाका. खुंटाची ताकद मोठी, तो वरच्या काडीला उपाशी ठेवून स्वतः वाढतो. लावताना जोडाशी तांबड्या रंगाचा एक ठिपका देऊन ठेवा. पुढे जोड ओळखू येत नाही. कधी काळी वरचा भाग वाळला, तर नवी पालवी ठिपक्याच्या वर आहे की खाली, ते पाहा. खाली असेल, तर मुळीच साखर वाटू नका! त्याच पावसाळ्यात दुसरं कलम आणा.

लावणी आणि निगा

खड्डा तीन फूट लांब, रुंद आणि खोल असा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. आता खणत असाल, तर निदान चार दिवस तरी ऊन लागू द्या. तळाला पालापाचोळा, मग चांगली माती, दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत, किलोभर सुपर फॉस्फेट आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरा. आमच्याकडे कृष्णाकाठची काळी, चिकण माती. त्यात पाणी साचतं आणि आंब्याला ओले पाय अजिबात चालत नाहीत. अशा जमिनीत मुरूम मिसळावा आणि कलम सपाटीपेक्षा वीतभर उंचवट्यावर लावावं. एक-दोन चांगले पाऊस झाले, की संध्याकाळच्या वेळी पिशवी अलगद कापून, मुळांभोवतीची मातीची हुंडी न फोडता कलम लावा. जोड मातीच्या वर चार बोटं राहिला पाहिजे. शेजारी काठी रोवून सैल बांधा.

पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड पाणी हवंच. बाहेरगावी जाताना त्याची व्यवस्था करून जा, हे मी सांगायला नकोच! शेणखत पहिल्या वर्षी एक घमेलं आणि पुढे दर वर्षी एकेक वाढवत न्यावं. पहिल्या दोन वर्षांत मोहोर आला, तर मन घट्ट करून खुडून टाका. लहान वयात लेकुरवाळं झालेलं झाड खंगतं. झाड फळतं झालं, की पावसाळा संपल्यावर मोहोर येईपर्यंत पाणी तोडा. फळं वाटाण्याएवढी झाली, की पुन्हा बेताने सुरू करा.

मोहोरावर तुडतुडे आणि पांढरी भुरी येते. घरच्या एका झाडाला औषध मारायचंच झालं, तर जवळच्या कृषी कार्यालयात विचारून, मोजून मारा. मोहोर पूर्ण उमलला असताना मारू नका, कारण परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात. फळमाशीसाठी 'रक्षक सापळा' मिळतो. त्यातल्या गंधाने नरमाश्या येऊन अडकतात. फळ कोंबडीच्या अंड्याएवढं झालं, की त्याला कागदी पिशवी बांधावी. डाग पडत नाहीत आणि माशी बसत नाही. गळलेली, किडकी फळं झाडाखाली पडू देऊ नका, पिशवीत बांधून घराबाहेर काढा. आंबे झेल्याने, थोडा देठ ठेवून उतरवावेत, म्हणजे चीक फळावर सांडत नाही आणि फळ कुजत नाही. पिकवायला गवताची आढी बरी. कार्बाइड घरात आणू नका, त्याने फळं पिकवायला कायद्यानेच बंदी आहे.

आमचा आंबा

२०२१च्या जुलैत आम्ही मागच्या परसात आम्रपाली लावली. जोडाशी तांबडा ठिपका सासूबाईंनी स्वतः, माझ्या लेकीच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन दिला. पुढच्याच वर्षी इवलासा मोहोर आला. तो खुडताना माझा हात थरथरला, पण खुडला. त्याच्या पुढच्या वर्षीही खुडला. २०२४ साली ठेवला. अकरा फळं धरली. सापळा लावायचा मी आळस केला, त्यामुळे पाच फळांत अळ्या निघाल्या. उरले सहा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात बाहेर पाऊस पडत असताना पहिला आंबा कापला.

सासूबाईंनी फोड तोंडात टाकली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हापूस नव्हे हो हा." माझं तोंड उतरलं असावं, कारण लगेच बशी पुढे करून म्हणाल्या, "आणखी एक काप."

एक सांगते, त्या वाक्यातला पहिला भागच मला जास्त आवडला. आता आमच्या घरात चूक दिसली की बोलून टाकायचं, असं ठरलं आहे. भाजीत मीठ जास्त झालं तरी बोलतात आणि मीही बोलते. सुरुवातीला जड गेलं, पण नऊ वर्षं गप्प राहण्यापेक्षा ते बरं.

पुढच्या अंगणातला रायवळ आम्ही तोडला नाही. जुन्या रायवळाच्या फांद्या छाटून, नव्या फुटीवर चांगल्या जातीचं कलम बांधता येतं. तुमच्याकडे असं झाड असेल, तर जाणकार माणसाकडून जरूर करून घ्या. आम्हीही तेच करणार होतो. पण सासूबाई म्हणाल्या, "असू दे. लोणच्याला ह्याच्यासारखी आंबट कैरी मिळायची नाही." यंदाही सहा किलोंचं लोणचं त्याचंच आहे. खाली मुलं दगड मारत असतात, त्यांना कुणी ओरडत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, ह्या पावसाळ्यात आंबा लावणार असाल, तर आधी टेप घेऊन अंगण मोजा. मग घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ जाऊन बसा आणि त्यांना कोणता आंबा हवा ते विचारा. कलम त्यानंतर आणा. कोणती जात लावलीत, ते पत्राने अवश्य कळवा. पुढच्या आठवड्यात, लोणच्याच्या बरणीला बुरशी का येते आणि ती येऊ नये म्हणून काय करावं, ते पाहू.